फोटो जाळू नका: ‘संतांची आठवण म्हणजे मूर्तिपूजा’ या मेसेजला उत्तर

ऑक्टोबर संपत आला की हा मेसेज फिरायला लागतो. कोल्हापुरातल्या ख्रिस्ती कुटुंबांच्या बहुतेक ग्रुपवर तो येऊन गेलेला आहे. यंदा तो माझ्या मावशीपर्यंत पोहोचला आणि तिने भिंतीवरचा काकांचा फोटो उतरवून ठेवला. आता गप्प बसणं शक्य नाही.

ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी मेसेजचा मजकूर थोडक्यात असा: मेलेल्या संतांची, मिशनऱ्यांची, सुधारकांची आठवण पाळणं ही मूर्तिपूजा आहे. ही चाल रोमन बादशहा कॉन्स्टंटाइनने मंडळीत घुसवली. सोळाव्या शतकातल्या जर्मन धर्मसुधारक लूथरने ती मोडून काढली. एक नोव्हेंबरचा सर्व संतांचा सण मुळात भुतांचा. मेलेल्यांचे फोटो घरात ठेवले किंवा कबरीवर फुलं वाहिली की त्यांचे आत्मे घराला चिकटतात आणि आजारपण येतं, म्हणून फोटो जाळा. सुधारक तरी कुठे पवित्र होते? जुनं ते गेलं, आता फक्त आत्म्याने चाला. आणि शेवटी, दहा जणांना पाठवा.

आधी फोटोचं बोलू. बाकीचे मुद्दे चुकीचे आहेत, हा मात्र घातक आहे. ज्या बाईचा नवरा नुकताच गेलाय, तिला तुझ्या दुखण्याचं मूळ त्याच्या फोटोत आहे असं सांगणं हा निव्वळ क्रूरपणा आहे. आणि तो पवित्र शास्त्राच्या नावाने चालतो.

शास्त्रात मनाई कशाची आहे? अनुवाद १८:१०-११ काढून वाचा. मेलेल्यांना प्रश्न विचारायचे नाहीत, त्यांच्याकडून कौल घ्यायचा नाही. शौल राजा एन-दोरच्या बाईकडे गेला आणि शमुवेलाला वर आणायला सांगितलं (१ शमुवेल २८), तो गुन्हा हा. शमुवेलाची आठवण काढली म्हणून शौलावर कोप झाला, असं कुठेही लिहिलेलं नाही. उलट योसेफाचं बघा. मिसरातून निघताना मोशेने त्याच्या अस्थी बरोबर घेतल्या (निर्गम १३:१९). चाळीस वर्षं त्या रानातून वागवल्या गेल्या आणि शेवटी शखेमात पुरल्या (यहोशवा २४:३२). मेलेल्याच्या वस्तूला आत्मा चिकटत असता, तर देवाने आपल्या लोकांच्या छावणीत ती पेटी चाळीस वर्षं राहू दिली असती का? मेसेज लिहिणाऱ्याने याचं उत्तर द्यावं.

आजारपणाचं तर विचारूच नका. घरात कोणी सारखं आजारी पडत असेल तर पाण्याची टाकी बघा, रक्तदाब मोजून घ्या, साखर तपासा. निदान आपल्या भागात तरी हे सांगायची वेळ यायला नको होती. मिशनरी डॉक्टर विल्यम वानलेस १८८९ साली भारतात आले आणि १८९४ साली मिरजेचं रुग्णालय सुरू झालं. ते शस्त्रक्रियेआधी प्रार्थना करत आणि मग शस्त्रक्रिया करत. भिंतीवरचा फोटो उतरवा, असं त्यांनी रोग्याला कधी लिहून दिलं नाही.

फोटो जाळण्याचं आणखी एक नुकसान आहे, ते भरून निघत नाही. आपल्या जुन्या ख्रिस्ती कुटुंबांचा इतिहास सरकारी कागदांत फारसा सापडत नाही. तो असतो फोटोच्या पाठीवर, घरातल्या बायबलच्या पहिल्या कोऱ्या पानावर आणि मंडळीच्या बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत. फोटोच्या मागे पेन्सिलीने लिहिलेलं गाव आणि साल एकदा जळालं की पणजोबा कुठून आले, बाप्तिस्मा कुणी दिला, हे सांगणारं कोणी उरत नाही. जाळणाऱ्याला आत्मा गेल्याचं समाधान मिळतं, पण पुढच्या पिढीच्या हातात काहीच राहत नाही.

कॉन्स्टंटाइनचा मुद्दा दोन ओळींत निकालात निघतो. आजच्या तुर्कस्तानातल्या स्मुर्णा मंडळीचा वृद्ध अध्यक्ष पॉलिकार्प याला साधारण इसवी सन १५५ च्या सुमारास जिवंत जाळलं. ‘८६ वर्षं मी त्याची सेवा केली, त्याने माझं काही वाईट केलं नाही’ असं म्हणणारा तोच हा. त्याच्या मंडळीने इतर मंडळ्यांना पत्र लिहिलं, ते आजही उपलब्ध आहे. त्यात त्या लोकांनी स्पष्ट सांगितलंय की त्याच्या अस्थी आम्ही मौल्यवान रत्नांपेक्षा मोलाच्या मानून योग्य जागी ठेवल्या आणि त्याच्या साक्षमरणाच्या दिवशी तिथे एकत्र जमू. हेही लिहिलंय की भक्ती आम्ही ख्रिस्ताची करतो आणि हुतात्म्यांवर प्रेम करतो ते प्रभूचे शिष्य आणि अनुयायी म्हणून. कॉन्स्टंटाइन सत्तेवर यायच्या दीडशे वर्षं आधीचं हे पत्र आहे. भक्ती कुणाची आणि आठवण कुणाची, हा फरक त्या लोकांना अगदी नीट कळत होता.

आता लूथर. सुधारकांनी संतांचं स्मरण बंद केलं, हे मेसेजमधलं सर्वांत ठाम वाक्य आणि तेवढंच खोटं. १५३० साली लूथरपंथीयांनी बादशहा पाचव्या चार्ल्सपुढे आपला विश्वास मांडला, तो आउग्सबुर्गचा विश्वासांगीकार. लूथरचा सहकारी मेलांक्थोन याने तो लिहिला. त्याचं एकविसावं कलम याच विषयावर आहे. संतांची आठवण जरूर ठेवावी, म्हणजे आपापल्या पाचारणाप्रमाणे त्यांच्या विश्वासाचं आणि सत्कृत्यांचं अनुकरण करता येईल, असं ते म्हणतं. लगेच पुढे हेही म्हणतं की संतांचा धावा करावा, त्यांच्याकडे मदत मागावी, असं शास्त्र शिकवत नाही, कारण मध्यस्थ एकच, ख्रिस्त. पुढच्याच वर्षी मेलांक्थोनने या कलमाचं समर्थन लिहिलं आणि संतांचा सन्मान तीन प्रकारे करा असं सांगितलं. पहिला, देवाने अशी माणसं दिली म्हणून देवाचे आभार माना. दुसरा, आपला विश्वास बळकट करून घ्या: पेत्राने तीनदा नाकारलं तरी त्याला क्षमा मिळाली, मग मलाही मिळेल. तिसरा, अनुकरण, आधी विश्वासाचं आणि मग गुणांचं. याहून स्पष्ट कोणी काय लिहायचं? इब्री १३:७ मध्येही हेच आहे. ज्यांनी तुम्हांला देवाचं वचन सांगितलं त्यांची आठवण ठेवा, त्यांच्या वागण्याचा शेवट काय झाला ते बघा आणि त्यांच्या विश्वासाचं अनुकरण करा. ही आज्ञा आहे, त्यात ‘वाटलं तर’ असं काही नाही.

एक गोष्ट मान्य करतो, नाइलाजाने. सुधारणेच्या एका शाखेने, म्हणजे जिनिव्हा आणि स्कॉटलंडच्या मंडळ्यांनी, संतांचे सण खरंच बंद केले. कोल्हापूरची प्रेस्बिटेरियन परंपरा त्याच घराण्यातली. पण याच शाखेचा १५६६ चा दुसरा हेल्वेटिक विश्वासांगीकार सणांना नकार देऊन पुढे सांगतो की योग्य वेळी, योग्य जागी, प्रवचनातून संतांचं स्मरण करणं हिताचं आहे आणि त्यांची उदाहरणं लोकांपुढे ठेवावीत. त्यांनी तारीख सोडली, माणसं सोडली नाहीत. कोल्हापूरचंच बघा. अमेरिकन मिशनरी रॉयल वायल्डर १८५२ साली इथे आले आणि आज शहरातलं मोठं प्रेस्बिटेरियन चर्च त्यांच्याच नावाने वायल्डर मेमोरियल म्हणून ओळखलं जातं. दुसऱ्या एका चर्चचं नावच ऑल सेंट्स. मेसेज पुढे ढकलणारे याच इमारतींत दर रविवारी बसतात आणि ‘उपासना संगीत’ हे गीतांचं पुस्तक उघडून नारायण वामन टिळकांची गीतं गातात.

दुसरी अर्धी सत्य गोष्ट अशी की स्मरणाचा बाजार होऊ शकतो. सॅक्सनीचा शासक फ्रेडरिक याने विटेनबर्गला संतांचे म्हणून हजारो अवशेष जमवले होते आणि ते बघायला येणाऱ्यांना पापदंडातून सूट मिळे. याच वातावरणात १५१७ साली लूथरचे प्रबंध आले. मोशेने केलेल्या पितळी सापाला लोक धूप जाळू लागले तेव्हा हिज्कीया राजाने तो फोडला (२ राजे १८:४), आणि बरोबरच केलं. आजही काही जण जुन्या पाळकाच्या कबरीवर नोकरी मागतात, मूल मागतात. ते थांबलं पाहिजे. पण त्याच शास्त्रात यहोशवाने यार्देनेतून बारा धोंडे काढून उभे केले, मुलांनी ‘हे कशाचे?’ असं विचारावं म्हणून (यहोशवा ४). ते कोणी फोडले नाहीत. साप फोडला तो धुपामुळे.

कॅथलिक बांधवांबद्दलही एक वाक्य. ते संतांना ‘आमच्यासाठी प्रार्थना करा’ असं म्हणतात. आम्ही प्रोटेस्टंट म्हणत नाही, आणि हा मतभेद खरा आहे. पण उपासना फक्त देवाची, हे निकेयाच्या दुसऱ्या धर्मसभेत ७८७ सालीच ठरलेलं आहे. त्यांना सरसकट मूर्तिपूजक म्हणणं ही खोटी साक्ष आहे.

एक नोव्हेंबरचं भूत फार ताणायला नको. रोममधलं पँथिऑन सातव्या शतकाच्या सुरुवातीला मरिया आणि सर्व हुतात्म्यांना अर्पण झालं ते १३ मे रोजी. पूर्वेकडच्या मंडळ्या हा दिवस पेंटेकॉस्टनंतरच्या पहिल्या रविवारी पाळतात. ज्या आयर्लंडच्या भुतांच्या सणावर हे खापर फोडतात, तिथली जुनी पंजिका हा दिवस २० एप्रिलला दाखवते.

‘ते कुठे पवित्र होते?’ नव्हतेच. लूथरने १५४३ साली यहुद्यांविरुद्ध जे लिहिलं ते भयंकर आहे, आणि अमेरिकेतल्या लूथरन मंडळीने १९९४ साली ते जाहीरपणे नाकारलं. वायल्डर आपल्या मिशन मंडळापासून वेगळे होऊन कित्येक वर्षं स्वतंत्र राहिले. पंडिता रमाबाईंचे इंग्लंडमधल्या वाँटेजच्या अँग्लिकन धर्मभगिनींशी सिद्धांतांवरून खटके उडाले. हे लपवू नका, संडेस्कूलमध्येही सांगा. दावीदाचं पाप शास्त्राने लपवलं नाही. माणसाला देव्हाऱ्यात बसवण्याची सवय मोडायची असेल तर त्याचा खरा इतिहास सांगणं हाच उपाय आहे. खोटी सुभाषितंही थांबवा. ‘उद्या जग बुडणार असलं तरी आज मी सफरचंदाचं झाड लावीन’ हे लूथरच्या नावावर फिरतं, पण विसाव्या शतकाआधी त्याचा मागमूस नाही. ‘सुवार्ता सांगा, गरज पडली तर शब्द वापरा’ हे संत फ्रान्सिसच्या लिखाणात नाही.

मग करायचं कसं? मंडळीतल्या मृतांच्या स्मरणोपासनेची यादी दोन आठवडे आधी घ्या आणि नावं दफनाच्या नोंदवहीशी ताडून बघा. चूक बहुधा इथेच होते: घरात ‘बाळूमामा’ म्हणून ओळखला जाणारा माणूस वहीत दुसऱ्याच नावाने असतो, आणि वाचताना त्याचं नाव गळतं. नावं मृत्यूच्या क्रमाने, विशेषणं न लावता वाचा. तीस नावं सावकाश वाचायला पाच-सहा मिनिटं पुरतात. प्रार्थनेचं तोंड देवाकडे असू द्या: ‘प्रभू, या माणसाबद्दल तुझे आभार.’ मृताला उद्देशून काही मागू नका. ओळखीच्या नावांबरोबर जिचं कोणीच उरलेलं नाही अशी एखादी जुनी बायबलबाई (घरोघर जाऊन शास्त्र सांगणारी) किंवा शिक्षिका घ्या.

दफनभूमीत साफसफाईला जाल तेव्हा फरशीचं ॲसिड नेऊ नका. संगमरवर ॲसिडने फेसाळतो आणि वरचा थर विरघळतो, तेव्हा उथळ कोरलेली अक्षरं पहिल्यांदा जातात. तारेचा ब्रशही नको. आधी साध्या पाण्याने दगड पूर्ण भिजवा, मऊ नायलॉनच्या ब्रशने खालून वर घासत जा, म्हणजे घाणेरड्या पाण्याचे ओघळ कोरड्या भागावर डाग पाडत नाहीत. शेवटी भरपूर पाणी ओता. कोल्हापूरच्या पावसात शेवाळ दरवर्षी येणार, ते एका दिवसात निघालंच पाहिजे असं नाही. अक्षरांत ऑइलपेंट भरू नका, तो सुटताना दगडाचा पापुद्रा घेऊन सुटतो. भेगेत सिमेंट नको, चुना वापरा. सिमेंटमागे अडकलेलं पाणी दगडातून वाट काढतं आणि दगड फुटतो. अक्षरं लागत नसतील तर खडू फासण्यापेक्षा सकाळच्या तिरप्या उन्हात फोटो काढा. मेणबत्त्या वाळूच्या परातीत, कबरीच्या पायाशी लावा. हाराचा प्लॅस्टिकचा दोरा तीन दिवसांनी कोणीतरी काढायचा, आणि तो कोणी काढायचा हे आधीच ठरवा.

राहिला शेवटचा मुद्दा, ‘जुनं ते गेलं.’ रमाबाई १९२२ साली वारल्या. इंग्लंडची मंडळी ३० एप्रिलला त्यांची आठवण करते ती पवित्र शास्त्राची भाषांतरकार म्हणून. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी शास्त्र साध्या बायकांना कळेल अशा मराठीत आणलं. केडगावला त्यांच्या मुक्ती मिशनमधल्या बायकांनी त्याचे छपाईचे खिळे जुळवले, आणि रमाबाई गेल्यावर दोन वर्षांनी, १९२४ साली, ते पूर्ण छापून झालं. वाँटेजला राहूनही रमाबाईंनी शाकाहार सोडला नाही. कुणाचीही नक्कल न करता त्यांनी आपल्याच मातीत उभं राहून विश्वास जगला. मेलांक्थोनचं ‘आपापल्या पाचारणाप्रमाणे’ ते हेच. त्यांचं अनुकरण करायला केडगावला जाऊन अनाथाश्रम काढावा लागत नाही. वस्तीतली जी सून वाचायला शिकू पाहते तिला आठवड्यातून दोन संध्याकाळी शिकवा. एकट्या राहणाऱ्या विधवेचा पेन्शनचा फॉर्म भरून द्या, हयातीच्या दाखल्यासाठी तिला नोव्हेंबरात बँकेत घेऊन जा. तरुण संघात ज्याला टायपिंग येतं त्याने मंडळीची जुनी बाप्तिस्मा-नोंदवही पान-पान करून उतरवायला घ्यावी. शाई फिकी होत चालली आहे.