‘एसएसडी गळ्यात मारली, फोटो गेले’ या तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार. तुम्ही दिलेला एक तारा आणि त्याखालचा मजकूर दोनदा वाचला. इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. अडीच वर्षांपूर्वी तुम्ही आमच्याकडून बॅकअपसाठी पोर्टेबल एसएसडी (चिपवर माहिती साठवणारी छोटी डिस्क) नेलीत, तिच्यात वडिलांच्या शेवटच्या वर्षातले फोटो आणि व्हिडिओ भरले आणि ती कपाटात ठेवलीत. आता काढली तर कितीतरी फाइली उघडेनात. वॉरंटीत नवी मिळाली, ‘पण फोटोंचं काय?’ असं तुम्ही विचारलंय. शेवटी लिहिलंय, ‘यापेक्षा साधा पेन ड्राइव्ह घेतला असता तरी चाललं असतं.’

आधी आमची चूक. काउंटरवर तुम्हाला सांगितलं गेलं, ‘यात फिरणारा भाग नाही, हातातून पडली तरी सहसा काही होत नाही.’ हे खरं आहे, पण रोज बॅगेतून डिस्क नेणाऱ्याच्या कामाचं. तुम्हाला ती वर्षानुवर्षं ठेवून द्यायची होती आणि ते विचारायचं आमच्या माणसाला सुचलं नाही. त्याबद्दल मनापासून माफी मागतो.

एसएसडीत माहिती साठते ती सूक्ष्म सेलमध्ये अडकवलेल्या विद्युतभाराच्या रूपात. टीएलसी प्रकारच्या एसएसडीत एका सेलमध्ये ३ बिट (० किंवा १ असे अंक) कोंबलेले असतात, म्हणजे भाराच्या ८ वेगवेगळ्या पातळ्या ओळखायच्या. क्यूएलसी प्रकारात एका सेलमध्ये ४ बिट असतात, म्हणून त्याच पातळ्या १६ होतात. हा भार हळूहळू झिरपत असतो आणि पातळी थोडी घसरली तरी शेजारच्या पातळीत मिसळते. ड्राइव्हमधला कंट्रोलर, म्हणजे तिचं काम चालवणारी चिप, अशा चुका एका मर्यादेपर्यंत दुरुस्त करतो, पण त्याला वीज लागते. कपाटात पडलेल्या ड्राइव्हमध्ये ते काम कोण करणार? चिप-उद्योगाची मानकं ठरवणाऱ्या जेडेक या संस्थेच्या मानकात घरगुती एसएसडीकडून एवढीच अपेक्षा आहे की लिहिण्याची ठरलेली क्षमता पूर्ण वापरून झाल्यावर, वीज नसताना, ३० अंश सेल्सियसला डेटा १ वर्ष टिकावा. कमी वापरलेला ड्राइव्ह त्याहून बराच जास्त काळ टिकतो. मात्र उष्णतेने भार लवकर झिरपतो आणि तुमचं लोखंडी कपाट उन्हाच्या भिंतीला लागून आहे, असं तुम्हीच सांगितलंत.

म्हणून पेन ड्राइव्हबद्दल मी सहमत होऊ शकत नाही. त्यातही हेच सेल असतात, अनेकदा हलक्या प्रतीचे, आणि आतली तब्येत कळायला बहुतेकांत काही सोय नसते. कृपया हा सल्ला कोणी घेऊ नका.

नुसतं ठेवून द्यायचं असेल तर मी आजही फिरणारी हार्ड डिस्कच सुचवतो. तिच्यातलं चुंबकीकरण असं झिरपत नाही. ती पडली तर मात्र खेळ खलास, म्हणून एक नाही, दोन घ्याव्यात, शक्यतो वेगवेगळ्या कंपन्यांच्या. एक घरात, दुसरी दुसऱ्या कुणाकडे. वर्षातून एकदा दोन्ही लावून फाइली खरोखर वाचून बघाव्यात. कॉपी करतानाच प्रत्येक फाइलचा एसएचए-२५६ चेकसम (फाइलीतल्या मजकुरावरून काढलेला, बोटाच्या ठशासारखा आकडा) काढून ठेवला, तर पुढच्या वर्षी एक बिट जरी बदलला असेल तरी कळतं. डिस्क स्वतःच्या तब्येतीचा जो ‘स्मार्ट’ अहवाल ठेवते, त्यात ५ आणि १९७ क्रमांकाच्या (खराब झालेल्या आणि संशयास्पद जागांच्या) नोंदींचे कच्चे आकडे शून्यावरून वाढू लागले, की त्या डिस्कवर विसंबू नये. अगदी मोजक्या, अनमोल फाइलींसाठी चांगल्या प्रतीची ब्लू-रे डिस्क अंधारात ठेवणंही चांगलं. डेटा साठवायच्या चुंबकीय टेपचं आयुष्य मोठं असतं, पण तिचा ड्राइव्ह घरच्या कामासाठी फार महाग पडतो.

एक गोष्ट जड मनाने लिहितोय. कॉपी झाल्यावर तुम्ही लॅपटॉपवरच्या मूळ फाइली पुसल्यात. त्या क्षणापासून एसएसडीतली प्रत बॅकअप राहिली नाही, ती एकमेव प्रत झाली. हे विकतानाच बजावून सांगणं आमचं काम होतं. आता बॅकअपसाठी काही मागितलं की आमच्याकडे आधी दोन प्रश्न विचारले जातात: हे किती दिवस बंद पडून राहणार, आणि दुसरी प्रत कुठे आहे?

वॉरंटीला पाठवण्याआधी आम्ही तुमच्या ड्राइव्हची डीडीरेस्क्यू या प्रोग्रॅमने पूर्ण प्रतिमा (म्हणजे अख्ख्या ड्राइव्हची जशीच्या तशी प्रत) काढली. हे साधन आधी सहज वाचता येणारा भाग उचलतं आणि अडलेल्या जागांकडे पुन्हा पुन्हा वळतं. चार दिवस ते चालू होतं. बहुतेक व्हिडिओ आणि बरेच फोटो निघाले. तुमच्यासमोर उघडलेला पहिलाच फोटो मात्र वरून अर्धा स्वच्छ आणि खाली नुसता करडा पट्टा असा निघाला. तो पाहून तुम्ही खुर्ची मागे सरकवलीत, ते अजून डोळ्यांसमोर आहे.

तुमच्या जुन्या लॅपटॉपमध्ये फिरणारी हार्ड डिस्क असेल तर तो चालू करू नका, तसाच घेऊन या. पुसलेल्या फाइलींवर दुसरं काही लिहिलं गेलं नसेल तर त्या मिळू शकतात. आत एसएसडी असेल तर ट्रिममुळे (पुसलेल्या फाइलींची जागा ड्राइव्हला रिकामी करायला सांगणारी सोय) तिथे फारशी आशा धरता येणार नाही. मग ज्या कॅमेऱ्याने फोटो काढले त्याची मेमरी कार्डं शोधा, फॉरमॅट केलेली असली तरी आणा आणि तोवर त्यांच्यावर एकही नवा फोटो काढू नका. या कामाचे आम्ही काहीही घेणार नाही. काढलेली प्रतिमा आमच्याकडे दोन डिस्कवर जपून ठेवली आहे, तुम्ही सांगाल तोपर्यंत ती पुसणार नाही.