चुंबक माग फुकट फिरवत नाही

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या यंत्रमागवाल्यांमध्ये सध्या एक निरोप फिरतोय: "मागाची जुनी मोटर काढा, चुंबकाची बीएलडीसी बसवा. जुनीत रोटरला वीजच पोचत नाही, म्हणून अर्धी वाया जाते. नवीत चुंबक स्वतःच फिरवतो. बिल निम्मं, आणि मोटर कधीच जळत नाही." मला तो सहा जणांनी पाठवला, त्यातले दोघे घरचेच. (बीएलडीसी म्हणजे रोटरवर, म्हणजे फिरणाऱ्या भागावर, कायमचे चुंबक असलेली आणि इलेक्ट्रॉनिक कार्डावर चालणारी मोटर.)

जुन्या मोटरीत रोटरला तार जोडलेली नसते, एवढंच खरं. स्टेटरच्या, म्हणजे बाहेरच्या स्थिर भागाच्या, तीन फेजच्या वायंडिंगमुळे (तारेच्या गुंडाळ्यांमुळे) आत चुंबकीय क्षेत्र गरगरत असतं. चार पोलच्या मोटरीत ५० हर्ट्झवर मिनिटाला १५०० फेरे. ते रोटरच्या ॲल्युमिनियमच्या सळ्यांवरून जाताना सळ्यांत प्रवाह उत्पन्न होतो आणि रोटर क्षेत्रामागे पळत सुटतो. गाठत मात्र कधीच नाही; गाठलं तर प्रवाहच संपेल, जोरही. मोटरीच्या पाटीवरचा सुताचा कचरा पुसून बघा, १४४० च्या आसपास आकडा दिसेल. मागे राहिलेले ६० फेरे म्हणजे स्लिप. रोटरला मिळालेल्या शक्तीपैकी तेवढीच, म्हणजे चार टक्के, त्याच्या सळ्यांत उष्णता होऊन जाते. अर्धी कुठली?

चुंबक स्वतः फिरवतो म्हणणाऱ्याने चालत्या बीएलडीसी पंख्याचं बटण बंद करावं. चुंबकामुळे रोटरचं क्षेत्र फुकट मिळतं, बस्स. ओढायचं काम कॉइलमधला प्रवाहच करतो. कुठल्या कॉइलला कधी, ते कार्ड ठरवतं.

निम्म्या बिलाची गोष्ट आली पंख्यावरून, आणि पंख्यापुरती खरी आहे. ७५ वॅटच्या जागी ३० वॅट. साध्या पंख्याची सिंगल फेज मोटर लहान, स्लिप भरपूर, त्यामुळे तिथे वाचवायला खूप काही असतं. मागाची एक एचपीची तीन फेज मोटर धड असेल तर ८० टक्क्यांच्या आसपास कार्यक्षम असते: ७४६ वॅटच्या कामाला साधारण ९३० घेते. अजिबात नुकसान नसलेली मोटर आणली, जी ब्रह्मदेवाकडेही नसेल, तरी वाचणार पाचवा हिस्सा. (तीन-चारदा रिवाइंड केलेल्या खटाऱ्याची गोष्ट वेगळी. तिथे नवी साधी मोटरही फरक पाडेल.)

राहिलं जळणं. बीएलडीसीतही वायंडिंग असतंच, शिवाय कार्ड वेगळं. मे महिन्यात आमच्या घरच्या पंख्याचं कार्ड गेलं. वायंडिंगवाल्याने बघून हात वर केले. नवं कार्ड येईपर्यंत सोलापूरच्या त्या उन्हाळ्यात आम्ही माळ्यावरचा जुना पंखा उतरवून लावला होता.