वर्ष कुठलं वाचतंय?

आज झेरॉक्सच्या दुकानात एक बाप पोराचा इंजिनिअरिंग डिप्लोमाच्या प्रवेशाचा ऑप्शन फॉर्म (कॉलेजांची पसंती) भरत होता. पोराला दहावीला ८८ टक्के. "बारावीची कटकटच नको बघा. डिप्लोमाला टाकलं की वर्ष वाचतंय. अमेरिकेत पण पोरं सोळाव्या वर्षी कॉलेजात जात्यात." रीलवरचं ज्ञान!

अहो, वर्ष कुठलं वाचतंय? डिप्लोमा ३ वर्षं, मग थेट दुसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंगची ३. झाली ६. अकरावी-बारावी २, डिग्री ४. तीही ६च. अमेरिकेतल्या अर्ली कॉलेजात पोरं हायस्कूल पूर्ण करता करताच कॉलेजचे क्रेडिट मिळवतात. आपल्याकडं बारावीच सुटते.

मागं उभ्या पोरानं हळूच विचारलं, "मग मेडिकलची नीट परीक्षा देता येतीय काय?" बाप म्हणाला, "बघू की नंतर." नंतर काय बघणार, कप्पाळ? नीटला बारावीचं फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी लागतं. म्हणजे परत अकरावीपासून सुरुवात.

डिप्लोमा वाईट नाही, हे मान्य. कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत ड्रॉइंग वाचून, कास्टिंगवर मशीनिंगसाठी किती मटेरियल सोडलंय ते व्हर्नियरनं तपासणारं पोरगं एकोणिसाव्या वर्षी पगार घरी आणतं. घराला गरज असेल तर हाच रस्ता धरावा.

पण पुढं डिग्री करायची असेल तर गणिताचं बघा. मेकॅनिकलच्या डिप्लोमात गणित पहिल्या दोन सेमिस्टरला, पुढची दोन वर्षं जवळपास सुट्टी. मग थेट दुसऱ्या वर्षात समोर एम-थ्री, म्हणजे इंजिनिअरिंगचा गणिताचा तिसरा पेपर: लाप्लास, फोरियर. शेजारच्या बाकावरच्यांनी बारावीचं कॅल्क्युलस, वर एम-वन, एम-टू केलेलं असतं. डिप्लोमाला ८५ टक्के काढलेली पोरं इथं आपटतात. ती ढ नसतात, हात सुटलेला असतो. डिप्लोमाच्या पाचव्या सेमिस्टरपासून रोज इंटिग्रेशनची पाच गणितं सोडवली तर निभावतं. हे पोरांना वेळेत कुणी सांगत नाही, त्याचाच राग येतो.

आणि त्या बापानं एक नंबरला काय टाकलं? घराजवळचं कॉलेज, केएमटीची सिटी बस बदलावी लागत नाही म्हणून! पहिल्या फेरीत पहिला पर्याय लागला की तीच सीट घ्यावी लागते, नाहीतर कॅपच्या, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, पुढच्या फेऱ्यांतून बाहेर. पोराला कुठली ब्रँच पाहिजे, हे शेवटपर्यंत कुणी विचारलं नाही. बाप खुर्चीत, पोरगं मागं उभं.

ओळखीत कुणी फॉर्म भरत असेल तर कन्फर्म करायच्या आधी एवढं तरी सांगा त्यांना.