दारात उभ्या असलेल्याला मराठी कोण शिकवणार?

मुलाला वेल्श माध्यमाच्या शाळेत घातलं हे मिरजेला फोनवर सांगितलं तेव्हा बाबा आधी गप्पच झाले आणि मग म्हणाले, अगं एवढ्या लांब जाऊन इंग्रजी शाळा सोडून हे काय काढलंस. बाबा स्वतः जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते, आयुष्यभर मराठीतून शिकवलं, त्यांनी असं विचारावं याचं वाईट वाटलं पण राग नाही आला, कारण आपल्याकडे मराठी शाळेतल्या मास्तरांची नातवंडं इंग्रजी माध्यमातच जातात, आमच्या दादाची मुलगी पण जाते.

मी गेली नऊ वर्षं ब्रिटनमधल्या वेल्सच्या राजधानीत, कार्डिफमध्ये राहते. वेल्श ही इथली जुनी भाषा, इंग्रजीहून अगदी वेगळी. मुलगा दीड वर्षाचा असताना शेजारणीने 'ती आ वी' ला नेलं, म्हणजे 'तू आणि मी', आईबाप आणि लहान पोरं एकत्र बसून वेल्श गाणी म्हणतात, खेळतात असा गट. पहिल्याच दिवशी तिथल्या एक आजी सफरचंदाच्या फोडींची ताटली घेऊन समोर आल्या, 'अवाल' म्हणाल्या आणि थांबल्या. मला वाटलं मुलाने म्हणायची वाट बघतायत, पण त्या माझ्याकडे बघत होत्या! मी म्हटलं अवाल, मग आधी मला फोड दिली आणि नंतर त्याला. माझा रंग, माझा उच्चार, मी या देशात किती दिवस टिकणार, काही विचारलं नाही. ती भाषा माझीही होऊ शकते हे त्यांनी गृहीतच धरलं होतं.

हे सगळं आठवलं ते २०२५ च्या जून-जुलैमध्ये. तुम्हाला माहितीच आहे, १६ एप्रिलला सरकारने पहिलीपासून हिंदी सक्तीची केली, विरोध झाला, मग १७ जूनला 'अनिवार्य' काढून 'सर्वसाधारणपणे' घातलं, आणि शेवटी २९ जूनला दोन्ही जीआर रद्द करून डॉ. नरेंद्र जाधवांची समिती नेमावी लागली. ५ जुलैला वरळीला ठाकरे बंधू एका व्यासपीठावर आले. त्याच आठवड्यात मीरा रोडच्या दुकानदाराला मराठीवरून मारल्याचा व्हिडिओ आमच्या फॅमिली ग्रुपवर तीनदा आला. पहिलीतल्या पोरावर तिसरी भाषा लादायला माझा पक्का विरोध होता आणि आहे. शेजारची मोठी भाषा छोट्या भाषेला कसं खाते हे वेल्समध्ये राहणाऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही, १९ व्या शतकात इथल्या काही शाळांमध्ये वेल्श बोललेल्या पोराच्या गळ्यात लाकडाची पट्टी अडकवायचे, 'वेल्श नॉट' म्हणतात तिला. आणि दादाच्या मुलीच्या शाळेत आज २१ व्या शतकात मराठी बोललं की डायरीत शेरा येतो, त्यावर आमच्या ग्रुपवर एक अक्षर कोणी लिहीत नाही. तो शेरा मला त्या व्हिडिओइतकाच लागतो.

पण मला जे सांगायचंय ते मारहाणीच्या पुढचं आहे. 'महाराष्ट्रात राहायचं तर मराठी आलीच पाहिजे' हे वाक्य मला मान्य आहे. फक्त ते म्हणणाऱ्याने लगेच पुढचं सांगायला पाहिजे की कुठे शिकायची, किती वाजता, कोण शिकवणार. इथे बाहेरून आलेलं मूल आठव्या-नवव्या वर्षी वेल्श शाळेत यायचं म्हटलं तर त्याच्यासाठी वेगळा वर्ग असतो, काही महिने फक्त भाषा, मग नेहमीच्या वर्गात. त्याला 'ट्रोखी' म्हणतात, म्हणजे बुडवणं, कापड रंगात बुडवतात तसं. ग्वीनेद जिल्ह्यात अशी केंद्रं १९८४ पासून आहेत. मोठ्यांसाठी संध्याकाळचे क्लास असतात, १८ ते २५ वयाच्या तरुणांना फुकट. माझ्या क्लासमध्ये एक पोलंडचा प्लंबर आणि सुदानची नर्स होती आणि आम्ही तिघंही वेल्शमधला अवघड 'ल्ल' म्हणताना एकमेकांच्या तोंडाकडे बघायचो.

आणि भाषेने स्वतःही थोडं वाकायला लागतं. २०१९ ला बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात 'एकवीस' सोबत 'वीस एक' दिलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, मीसुद्धा तावातावाने लिहिलं होतं की हा भाषेचा खून आहे. मग मुलगा शाळेत आकडे शिकायला लागला. वेल्शमध्ये जुना अठरा म्हणजे 'दायनाउ', दोन नऊ. शाळेत मात्र पोरं 'ईन देग उइथ' शिकतात, एक दहा आठ, कारण गणिताला ते सोपं जातं. जुने आकडे मेले का? नाही, घड्याळ सांगताना, तारीख सांगताना अजून तेच चालतात, पोरं दोन्ही शिकतात. आपल्या एकोणसत्तर आणि एकोणऐंशीमध्ये मराठी घरातली पोरंसुद्धा अडखळतात, मग बाहेरून आलेल्या पोराचं काय होत असेल. माझं २०१९ चं मत मी बदललंय.

इथे सगळं छान चाललंय असं मात्र कोणी समजू नका. २०११ च्या जनगणनेत ५ लाख ६२ हजार वेल्श बोलणारे होते, २०२१ ला ५ लाख ३८ हजारच राहिले, म्हणजे १७.८ टक्के. सरकारने २०५० पर्यंत दहा लाखांचं टार्गेट ठेवलंय आणि आकडा खाली गेला. इंग्रजी शाळांमध्ये सुद्धा वेल्श विषय सोळाव्या वर्षापर्यंत सक्तीचा आहे, पण तसं शिकून बाहेर पडलेल्या कितीतरी जणांना धड दोन वाक्यं जोडता येत नाहीत. म्हणून आपल्या २०२० च्या कायद्याने सगळ्या शाळांत मराठी सक्तीची झाली तरी मी निर्धास्त नाही, आठवड्याच्या चार तासिकांनी भाषा येत नाही, ती वापरायला माणूस लागतं समोर.

दादाच्या पुण्याजवळच्या वाकडमधल्या सोसायटीत गेल्या वर्षी तीन आठवडे होते. तिथले वॉचमन बिहारचे, त्यांची मुलगी महापालिकेच्या मराठी शाळेत चौथीला. संध्याकाळी गेटजवळच्या खुर्चीवर बसून ती मोठ्याने धडा वाचायची, बोटाने ओळ धरून, 'ळ' आला की थांबून पुन्हा म्हणायची, आणि तिचे बाबा रजिस्टर भरता भरता हळू आवाजात तिच्या मागोमाग तेच शब्द म्हणायचे. वर सहाव्या मजल्यावर माझी भाची, वय तेच, तिला तो धडा वाचता येत नाही. एकदा मी वॉचमनशी मराठीत बोलले तर ते थोडे लाजून म्हणाले, मॅडम, यहाँ सब हिंदी में ही बोलते हैं हमसे, मराठी सीखना हो तो कहाँ जाना पडेगा? दोनशे सत्तर फ्लॅटची सोसायटी, निम्म्याहून जास्त मराठी नावं पाट्यांवर, आणि मला सांगायला एक पत्ता नव्हता.

तुम्ही म्हणाल तू तिकडे राहतेस, तुला बोलायला काय जातं. बरोबर आहे, मी निघून आले आणि त्याची बोच मला आहे. पण त्या आजींनी ताटली घेऊन माझी वाट बघितली होती ते मी विसरू शकत नाही. दादाला विचारलंय, क्लब हाऊस रविवारी सकाळी दोन तास मिळेल का, वॉचमन, घरकामाच्या मावशी, डिलिव्हरीवाली पोरं, ज्याला यायचं त्याने यावं, बाबा शिकवायला तयार आहेत, चहाचा खर्च माझा. दिवाळीत मी तीन आठवडे येतेय, तेवढ्यात सुरू करून द्यायचं आहे. सोसायटीच्या कमिटीची मीटिंग पुढच्या शनिवारी आहे.