"आत्ताच सीट बुक करा, स्कॉलरशिप नंतर लागेल": त्या फॉरवर्डला उत्तर

इंजिनिअरिंगच्या सीईटीचा (राज्याच्या प्रवेश परीक्षेचा) निकाल लागला की पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो, दरवर्षी शब्द इकडचे तिकडे पण माल तोच. थोडक्यात सांगतो. ओपनच्या मुलाला 99 पर्सेंटाईल नसतील तर त्याने सरकारी कॉलेजचं नाव काढू नये. कॅपचा (सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेऱ्यांचा) फॉर्म भरताना वरच्या नंबरवर मिळण्यासारखं कॉलेजच टाकावं नाहीतर नंबर हुकतो. स्कॉलरशिप फक्त कॅटेगरीवाल्यांना, ओपनवाल्याला बोर्डात 90 टक्के असतील तरच काय ती. आणि शेवटी खरा मुद्दा येतो, की कॅपच्या भानगडीत पडू नका, मॅनेजमेंटची (कॉलेजच्या स्वतःच्या कोट्यातली) सीट आत्ताच बुक करा, स्कॉलरशिप महाडीबीटीवरून (राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरून) नंतर लावून घेता येते. खाली मोबाईल नंबर, म्हणजे मेसेज कोणाच्या पोटापाण्याचा आहे ते कळलंच.

आमच्या सोसायटीतल्या एका पोराने हाच मेसेज पुढे करून विचारलं की दादा, माझं काय होईल. सीईटीला 93 पर्सेंटाईल, बारावीला 81 टक्के, ओपन, घरचं उत्पन्न साडेपाच लाख. त्याच्याच आकड्यांवर बोलू, हवेत नको.

आधी ते 99. पर्सेंटाईल म्हणजे मार्कांचे टक्के नाहीत, तुमच्या मागे किती जण आहेत त्याचा हिशोब आहे. समजा पीसीएमला (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्सच्या गटाला) तीन लाख पोरं बसली तर 93 वाल्याच्या पुढे साधारण 21 हजार. आणि राज्यात इंजिनिअरिंगच्या जागा दीड लाखाच्या वर आहेत. म्हणजे पोरगं काही रडण्यासारख्या जागी उभं नाहीये. आता पुण्याच्या सीओईपीचं किंवा मुंबईच्या व्हीजेटीआयचं कॉम्प्युटर पाहिजे असेल तर हो, तिथे 99 च्या वरचीच मारामारी आहे, त्यात फॉरवर्ड खोटं बोलत नाही. पण सरकारी कॉलेज म्हणजे फक्त ती दोन का? कराड, अमरावती, छत्रपती संभाजीनगर, जळगाव, चंद्रपूर, यवतमाळ, अवसरी, ही सगळी सरकारीच आहेत आणि तिथलं सिव्हिल नि मेकॅनिकल 99 ला बंद होत नाही. ब्रँच न सांगता नुसता "सरकारीचा कटऑफ" सांगणारा माणूस एकतर अडाणी असतो नाहीतर विकायला बसलेला.

कटऑफची पीडीएफ सीईटी सेलच्या साईटवर फुकट मिळते, फक्त ती वाचता यायला पाहिजे. प्रत्येक ब्रँचखाली एक तक्ता असतो, वर जीओपनएस, जीओपनएच, जीओपनओ, एलओपनएच असले कोड. पहिलं जी म्हणजे जनरल, एल म्हणजे मुलींची राखीव जागा. शेवटचं अक्षर मात्र लोक बघतच नाहीत आणि सगळा घोळ तिथेच होतो: एच म्हणजे ते कॉलेज ज्या विद्यापीठात आहे त्याच्याच हद्दीतल्यांसाठी, ओ म्हणजे बाहेरच्यांसाठी, एस म्हणजे अख्ख्या राज्याला खुल्या. चौकटीत वरचा आकडा मेरिट नंबर, खाली कंसात पर्सेंटाईल, आणि तो त्या जागेवर आत गेलेल्या शेवटच्या मुलाचा असतो. एच आणि ओ मध्ये बऱ्याच ठिकाणी चांगलाच फरक पडतो. पोराने पहिल्या राऊंडचा, तोही ओ चा कॉलम बघून अर्धी लिस्ट खोडून टाकली होती, आणि बारावी केलेली त्याच विद्यापीठाच्या हद्दीत! सगळ्या राऊंडच्या पीडीएफ उघडा, आणि एक वर्ष नाही, दोन तीन वर्षांच्या.

आता "मिळेल तेच वर टाका". हा सल्ला पूर्वीपासून चुकीचा होता, आता तर धोक्याचा झालाय. कॅपमध्ये तुमचा नंबर लागतो तो मेरिटने. तुमची पाळी आली की सिस्टीम तुमची लिस्ट वरून खाली वाचते आणि पहिली जी रिकामी जागा सापडते ती तुम्हाला देते. वरच्या दहा ऑप्शनमध्ये काही मिळालं नाही म्हणून अकराव्यावरचा तुमचा हक्क जात नाही, कमी मेरिटच्या पोराने ते कॉलेज पहिल्या नंबरवर टाकलं म्हणून ते त्याला तुमच्या आधी मिळत नाही. आणि 2025-26 पासून राऊंड चार झालेत आणि ऑटो फ्रीज आलंय. पहिल्या राऊंडला पहिला ऑप्शन लागला तर तो घ्यावाच लागतो, दुसऱ्या राऊंडला पहिल्या तीनपैकी काही लागलं तर ते, तिसऱ्याला पहिल्या सहापैकी. नको म्हणालात तर पुढच्या कॅप राऊंडमधून बाहेर. म्हणजे फॉरवर्डचं ऐकून भीतीपोटी घराजवळचं साधं कॉलेज एक नंबरला टाकलं की ते पहिल्याच राऊंडला लागणार आणि तुम्ही अडकणार, मग तिसऱ्या राऊंडला चांगल्या कॉलेजचा कटऑफ खाली आलेला नुसता बघत बसा. पहिल्या सहा जागा अशाच भरा की त्यातली कुठलीही लागली तरी घरात कुरकुर होणार नाही. (नियम दरवर्षी थोडे हलतात, त्या वर्षीचं माहितीपत्रक वाचा, माझी पोस्ट नव्हे.)

स्कॉलरशिप फक्त कॅटेगरीवाल्यांना, हे वाक्य ऐकून मला खरंच चीड येते, कारण त्यात खोटेपणा आहे आणि वर भांडण लावून द्यायची खोड पण आहे. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, जिला सगळे ईबीसी म्हणतात, ती ओपनसाठीच आहे की. उत्पन्न आठ लाखांपर्यंत, कुटुंबातली पहिली दोन मुलं, ट्यूशन फी आणि परीक्षा फीचे 50 टक्के. गंमत बघा, ओबीसीच्या मुलालाही ट्यूशन फीचे 50 टक्केच मिळतात. आणि 2024-25 पासून ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) आणि ओबीसीतल्या मुलींना, उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर, ही फी 100 टक्के माफ आहे. शिवाय शहरात खोली करून राहणाऱ्या अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या नि नोंदणीकृत मजुरांच्या पोरांसाठी पंजाबराव देशमुख वसतिगृह भत्ता वेगळा. मुलगी असेल तर एआयसीटीईची (केंद्राच्या तंत्रशिक्षण परिषदेची) प्रगती, वर्षाला 50 हजार. हे सगळं सरकारी साईटवर पडलेलं असतं, फॉरवर्डमध्ये यातलं एकही नाव नसतं.

आणि खरी मेरिटची स्कॉलरशिप म्हणाल तर ती टीएफडब्ल्यूएस (ट्यूशन फी माफीची योजना), जिच्याबद्दल लोकांना सगळ्यात कमी माहिती आहे. मंजूर जागांवर 5 टक्के जादा जागा, साठच्या वर्गात तीन, जात कुठलीही चालते, उत्पन्न आठ लाखांच्या आत आणि मेरिट, बस. ट्यूशन फी पूर्ण माफ, बाकीची किरकोळ फी भरायची. जागा तीनच म्हणून कटऑफ साध्या ओपनपेक्षा वर जातो, तेव्हा 93 ला टॉपच्या कॉलेजात ती लागेल अशी आशा मी त्याला दाखवली नाही. पण मधल्या फळीतल्या कॉलेजात, कॉम्प्युटर सोडून, बघायला काय जातंय? यासाठी चॉईस कोड वेगळा असतो, शेवटी टी असलेला, आणि तो लिस्टमध्ये स्वतः टाकावा लागतो. तेव्हा टी वाला कोड वर, त्याच कॉलेजचा त्याच ब्रँचचा साधा कोड लगेच खाली. टी लागला तर फी वाचली, नाही लागला तर खालचा आहेच, गेलं काहीच नाही. या पोराच्या लिस्टमध्ये टी चा एकही कोड नव्हता, आणि सायबर कॅफेवाल्याने फॉर्म भरून दिल्याचे पैसे घेतले होते.

बोर्डातल्या 90 टक्क्यांचं म्हणाल तर तो आकडा कुठून आला देव जाणे. केंद्राची सेंट्रल सेक्टर स्कॉलरशिप आहे तिला 90 टक्के लागत नाहीत, तुमच्या बोर्डात तुमच्या शाखेत 80 पर्सेंटाईलच्या वर असायला लागतं, उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत, पहिली तीन वर्षं वर्षाला 12 हजार. देशभरात 82 हजार जणांना, राज्यवार कोटा पाडून, त्यामुळे पात्र असूनही यादीत नाव येईलच असं नाही. आपोआप तर काहीच मिळत नाही, नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर अर्ज करावा लागतो. आमच्या पोराचं उत्पन्न साडेपाच, म्हणजे तो यातून बाहेर, टक्के कितीही असोत. इन्स्पायरचं नाव पण लोक घेतात, वर्षाला 80 हजार, पण ती बीएस्सी आणि तत्सम मूलभूत विज्ञानाला जाणाऱ्यांसाठी आहे, इंजिनिअरिंगला नाही. 95 टक्केवाला इंजिनिअरिंगला गेला की इन्स्पायर विसरायचं.

आता मुख्य फास. सीट बुक करा, महाडीबीटी नंतर. नाही लागत. ईबीसी काय, मुलींची फीमाफी काय, एक अट सगळीकडे आहेच: प्रवेश कॅपमधून झालेला पाहिजे. इन्स्टिट्यूट लेव्हलने, ज्याला आपण मॅनेजमेंट म्हणतो, त्याने गेलात की तीच ब्रँच, तोच बाक, पण स्कॉलरशिप शून्य. समजा ट्यूशन फी 1 लाख 10 हजार आहे, तर कॅपवाल्या पोराचे वर्षाला 55 हजार वाचतात, चार वर्षांचे झाले 2 लाख 20 हजार, आणि हे एजंटला दिलेले वरचे पैसे न धरता. वरचे पैसे घेणं गुन्हा आहे बरं का, कॅपिटेशन फीविरोधी कायदा 1987 पासून आहे. आणि "बुक" हा प्रकारच नाही, त्या कोट्यालासुद्धा 2015 च्या कायद्याखाली जाहिरात, अर्ज आणि मेरिट लिस्ट लागते. मे महिन्यात टोकन घेऊन सीट राखून ठेवतो म्हणणारा तुमच्या भीतीचं टोकन घेतोय. मूळ टीसी तर त्याच्या हातात चुकूनही देऊ नका, कॅपच्या वेळी ती मागत फिरावं लागतं.

मेसेजमध्ये नाही पण सध्या याच पोराला खाजगी विद्यापीठांची पत्रंही येतायत, "अभिनंदन, आपणास 50 टक्के मेरिट स्कॉलरशिप". यात फसवणूकच असते असं मी म्हणणार नाही, पण अशा पत्रात खाली बारीक अक्षरात काय असतं ते वाचावं. सूट ट्यूशन फीवरच आहे का, पहिल्याच वर्षापुरती आहे का, पुढच्या वर्षी टिकवायला सीजीपीए किती लागतो, एक विषय राहिला तर काय. आणि ईबीसी किंवा मुलींची फीमाफी खाजगी नि अभिमत विद्यापीठांत चालत नाही, म्हणून तिथली अर्धी फी आणि कॅप कॉलेजची ईबीसीनंतरची फी हे दोन आकडे शेजारी लिहून बघा, टक्के नका बघू, रुपये बघा.

एक गोष्ट मात्र खरी आहे, महाडीबीटीचे पैसे उशिरा येतात. कधी दुसरं वर्ष उजाडतं. काही कॉलेजं तोवर पूर्ण फी भरून घ्यायला बघतात, तेव्हा पहिल्या हप्त्यापुरती सोय करून ठेवा आणि प्रवेशाच्या दिवशीच फीची फोड लेखी मागा, ट्यूशन किती, डेव्हलपमेंट किती, कारण ईबीसी डेव्हलपमेंट फीला लागत नाही. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला आणि डोमिसाईल निकालाच्या आधीच काढा. जून-जुलैत सेतूवर पाय ठेवायला जागा नसते. बँक खातं आधारला नुसतं लिंक नाही तर डीबीटीसाठी सीड (म्हणजे सरकारी पैसे त्याच खात्यात येतील अशी नोंद) झालंय का ते बँकेत विचारून घ्या, अर्ज मंजूर होऊन पैसे अडकतात ते बहुतेक वेळा इथेच.