तीन मिनिटं पंधरा सेकंद

पाणबुडीला खिडकी नसते. ही गोष्ट तशी कुणालाही ठाऊक असते, पण पाणबुडीचा सिम्युलेटर पैसे मोजून घेईपर्यंत तिचा अर्थ डोक्यात शिरत नाही. बाकीच्या गेममध्ये दिलेल्या पैशांचं काहीतरी डोळ्यांना दिसतं: डोंगर, शहरं, घोडे, निदान बंदूक धरलेले दोन हात. इथे दिसतं ते तबकड्यांनी आणि झडपांनी भरलेलं एक अरुंद भुयार, आणि त्यात दाटीवाटीनं उभी असलेली, बरेच दिवस आंघोळ न केलेली माणसं. ती सगळी तुमच्याकडे बघत असतात. तुम्ही कप्तान ना! तुम्हाला काहीतरी कळतं असा त्यांचा समज असतो.

मला या नादाला लावलं माझ्या भाच्यानं. "मामा, गोळ्या झाडायच्या गेममध्ये तुझा निभाव लागत नाही, कारण तुझे हात हळू चालतात," असं निदान करून त्यानं औषधही सांगितलं. "तू पाणबुडीचा गेम खेळ. त्यात सगळंच हळू असतं."

पोरगं खोटं बोललं नव्हतं. या गेममधली सगळ्यांची लाडकी पाणबुडी म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली जर्मनांची टाइप सेव्हन-सी. पाण्यावर ती जेमतेम साडेसतरा नॉटनं (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) पळते आणि पाण्याखाली साडेसात नॉटनं. तोही वेग थोडाच वेळ टिकतो, कारण खाली गेल्यावर डिझेल इंजिनं बंद आणि सगळा भार बॅटरीवर. चार नॉटनं सरपटायचं ठरवलं तर ८० सागरी मैल जाता येतं, पुढे वर येऊन हवा खाणं आणि बॅटरी भरणं आलंच. म्हणजे पाणबुडी म्हणून जिच्यावर आपण भाळलो, ती बाई बहुतेक वेळ पाण्यावरच असते. बुडी मारते ती अगदीच नाइलाज झाला तर.

कुठल्या गेमपासून सुरुवात करावी, यावर जाणकारांत एकमत नाही, आणि ते होऊही नये. १९८५ साली मायक्रोप्रोज कंपनीचा सायलेंट सर्व्हिस हा गेम आला तेव्हापासून ही माणसं भांडताहेत. माझं मत विचाराल, तर धीर नसलेल्यानं २०१७चा कोल्ड वॉटर्स घ्यावा. त्यात शीतयुद्धातली अणुपाणबुडी मिळते, ती बाहेरून दिसते, आणि टॉर्पेडो, म्हणजे पाण्यातून जहाजावर सोडायचं स्फोटक, तारेनं आपल्याशी जोडलेला असल्यामुळे सोडल्यावरही त्याचे कान उपटता येतात. ज्याला संगणकाच्या पडद्यावरच्या रेघांकडे तासन्‌तास बघत बसण्यात सुख वाटतं, त्यानं २००५चा डेंजरस वॉटर्स घ्यावा. त्याला इतरांच्या सल्ल्याची तशीही गरज नसते. आणि ज्याला खरोखरचा छळ हवाय त्यानं त्याच सालचा सायलेंट हंटर थ्री घ्यावा. मी तो घेतला. गेम जुना आहे, माझा संगणकही जुना आहे, आम्ही एकमेकांना सांभाळून घेतो.

पहिलं संकट म्हणजे बंदर. युद्ध, शत्रू, वादळ वगैरे सगळं नंतर. पाणबुडी गाडीसारखी थांबत नाही. इंजिन बंद केलं तरी ती आपल्या वजनाच्या तोऱ्यात पुढे जातच राहते, आणि सुकाणू फिरवल्यावर वळायचं की नाही याचा बराच वेळ विचार करते. शत्रूच्या तोफांनी नवशिक्यांच्या जितक्या पाणबुड्या निकामी झाल्या, त्याहून जास्त स्वतःच्याच बंदराच्या धक्क्यानं झाल्या असाव्यात, असा माझा दाट संशय आहे. बँड वाजतोय, धक्क्यावर माणसं निरोप देताहेत, आणि कप्तान त्यांच्याच अंगावर येतोय.

बंदराबाहेर पडलं की दुसरं संकट: काहीच घडत नाही. गस्तीचा चौकोन नकाशावर वीतभर अंतरावर दिसतो, पण खऱ्या वेळात तिथे पोहोचायला दिवसच्या दिवस लागतात. म्हणून गेममध्ये वेळ पळवायची सोय आहे, ती थेट १०२४ पटींपर्यंत. मग पडद्यावर सूर्य उगवतो-मावळतो, उगवतो-मावळतो, आणि आपण हनुवटीला हात लावून नकाशावरचा एक ठिपका सरकताना बघत बसतो. भाचा मागे येऊन उभा राहिला.

"मामा, काय चाललंय?"

"गस्त."

"आणि हे?"

"समुद्र."

तो थोडा वेळ थांबला. मग त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि निघून गेला. एवढी दया त्यानं मला याआधी कधी दाखवली नव्हती.

इथे सेटिंगविषयी दोन शब्द सांगायला हवेत, कारण नवशिक्याचं भलंबुरं तिथेच ठरतं. गेममध्ये वास्तवाची टक्केवारी असते. टॉर्पेडोचा नेम आपोआप धरला जावा की हातानं, बॅटरी संपावी की नाही, हवा संपावी की नाही, टॉर्पेडो फुसके निघावेत की नाही, अशा खुणा एकेक करत चढवायच्या आणि टक्के वाढवायचे. सगळं सोपं ठेवलं तर गेममधला अधिकारी स्वतःच नेम धरतो, तुम्ही फक्त 'सोडा' म्हणायचं. बहुतेकांनी सुरुवात अशीच करावी, आणि लाज अजिबात वाटून घेऊ नये. पण माणसाचा स्वभाव! टक्केवारी दिसली की ती वाढवल्याशिवाय आपल्याला चैन पडत नाही. शाळेनं लावलेली खोड ती. मी नेम हातानं धरायचा असं ठरवलं, आणि तिथून पुढे मी गेम खेळत नसून अभ्यास करत होतो.

त्रिकोणमितीच्या तासाला "याचा पुढे उपयोग काय?" असं विचारणारा प्रत्येक वर्गात एक जण असतो. त्याला उत्तर देतो: उत्तर अटलांटिक, मार्च १९४१, रात्रीचे दोन.

टॉर्पेडो सरळ जातो. जहाजही सरळ जातं. दोघांची गाठ पडावी म्हणून जहाज आत्ता जिथे आहे तिथे नव्हे, तर ते जिथे असणार आहे तिथे टॉर्पेडो सोडायचा. त्यासाठी तीन गोष्टी लागतात: जहाज किती अंतरावर, किती वेगात, आणि कुठे तोंड करून. अंतर काढण्यासाठी आधी जहाज कुठल्या जातीचं ते चित्रांच्या वहीतून ओळखायचं, म्हणजे त्याच्या डोलकाठीची उंची कळते. मग पेरिस्कोपमधल्या एका यंत्रानं त्याच जहाजाची दुसरी प्रतिमा वर सरकवून तिची पाण्याची रेघ पहिल्याच्या डोलकाठीच्या टोकाला टेकवायची. हे सगळं अंधारात, लाटा पेरिस्कोपवरून जात असताना, आणि पेरिस्कोप फार वेळ बाहेर ठेवला तर शत्रूला दिसतो म्हणून घाईघाईत.

तोंडाचा कोन काढणं त्याहून वाईट. समजा, तुम्ही त्या जहाजावर पुढे बघत उभे आहात. माझा पेरिस्कोप दिसण्यासाठी तुम्हाला मान डावीकडे किंवा उजवीकडे किती अंश वळवावी लागेल? तो तो कोन. म्हणजे ज्याला बुडवायचं त्याच्याच जागी आधी मनानं उभं राहायचं. साठ अंश आणि नव्वद अंश यांतला फरक लांबून डोळ्याला कळत नाही. टॉर्पेडोला मात्र बरोबर कळतो.

वेगाचं गणित त्या मानानं देखणं आहे. नकाशावर जहाजाच्या जागी खूण करायची, घड्याळ लावायचं, तीन मिनिटं पंधरा सेकंदांनी दुसरी खूण करायची. दोन खुणांमध्ये जितके शंभर मीटर, तितके नॉट. सातशे मीटर, तर सात नॉट. सागरी मैल १,८५२ मीटरचा असल्यामुळे एक नॉटनं जाणारं जहाज १९५ सेकंदांत जवळजवळ नेमकं शंभर मीटर कापतं, एवढंच त्यातलं गुपित. हे कळलं त्या रात्री आतून बायकोची हाक आली, तेव्हा मी म्हणालो, "आलोच, तीन मिनिटं पंधरा सेकंद." आमच्या घरात 'आलोच'चं माप सेकंदांत देण्याची ती पहिलीच वेळ. ती दारात येऊन बघून गेली, बरा आहे ना म्हणून.

एवढं करून टॉर्पेडो लागेलच असं नाही, आणि यात गेमची कुरापत नाही. १९४०च्या नॉर्वेच्या मोहिमेत जर्मन टॉर्पेडो भलतीकडे फुटत होते किंवा फुटतच नव्हते. अमेरिकनांचा मार्क १४ ठरवल्यापेक्षा सुमारे तीन मीटर खोल पळायचा आणि जहाजाखालून निघून जायचा. त्याचे सगळे दोष निस्तरायला १९४३ उजाडलं. १९४४मध्ये टँग या अमेरिकी पाणबुडीचा शेवटचा टॉर्पेडो तर गोल फिरून तिच्यावरच येऊन आदळला. तेव्हा 'फुसके टॉर्पेडो' या सेटिंगपुढची खूण विचार करून करावी.

आणि समजा, लागला टॉर्पेडो. मग येते विनाशिका, म्हणजे पाणबुड्यांच्या मागावरची वेगवान युद्धनौका. इतका वेळ आपण शिकारी. आता ती आपल्याला अक्षरशः पाण्यात पाहते. तिच्या सोनारचा, म्हणजे आवाजाच्या लहरींनी माग काढणाऱ्या यंत्राचा, तो 'टिंग' आवाज पाणबुडीच्या पत्र्यावर आपटायला लागला की खुर्चीत बसलेला माणूसही खांदे आखडून घेतो. नवशिक्याच्या मनात पहिला विचार येतो पळायचा. पण जोरात पळालं की पंखा गोंगाट करतो आणि तिला पत्ता मिळतो. म्हणून खोल जायचं, वेग दोन-तीन नॉटवर आणायचा आणि तिच्याकडे पाठ किंवा नाक करायचं, म्हणजे तिच्या लहरींना आपली कमीत कमी जागा सापडते. जवळची खरी युक्ती एकच: त्या काळच्या विनाशिकेला अगदी डोक्यावर आल्यावर आपला माग लागत नसे, आणि डेप्थ चार्ज, म्हणजे तिनं वरून टाकलेली स्फोटकं, सेकंदाला तीनेक मीटर या गतीनं बुडत. आपण दीडशे मीटरवर असलो तर जवळपास पन्नास सेकंद हातात असतात. तेवढ्यात पूर्ण वेग, पूर्ण वळण, आणि स्फोट सरले की पुन्हा मेल्यासारखं पडून राहायचं. बंद खोलीत बसून रस्त्यावरची गाडी कुठे पोहोचली हे नुसत्या कानानं ओळखावं, तसा हा खेळ. फक्त गाडीला तुम्ही सापडायला हवे आहात.

अशा एका रात्री पडद्याकडे बघताना खेळाची मजा जरा ओसरली होती, हेही सांगून टाकतो. जर्मन पाणबुड्यांवर गेलेल्या सुमारे चाळीस हजार माणसांपैकी तीसेक हजार परतली नाहीत, आणि त्यांनी बुडवलेल्या व्यापारी जहाजांवरचे खलाशीही हजारोंनी गेले. आपल्याला मात्र जुनी नोंद उघडून पुन्हा सुरुवात करता येते. जर्मनांची बाजू नकोशी वाटली तर चौथ्या सायलेंट हंटरमध्ये अमेरिकी पाणबुडी घेऊन पॅसिफिकमध्ये जाता येतं.

एका बाबतीत मात्र गेम बनवणाऱ्यांनी आपल्यावर उपकार केलेत. टाइप सेव्हन-सीवर चाळीस-पन्नास माणसांसाठी संडास दोनच, आणि गस्तीच्या सुरुवातीला त्यातला एक बहुतेकदा शिधा कोंबून भरलेला. उरलेला खोल पाण्यात चालायचाच नाही. पुढे खोल पाण्यातही चालणारा सुधारित संडास निघाला, पण त्याच्या झडपांचा क्रम पाठ असावा लागायचा, आणि एप्रिल १९४५मध्ये यू-१२०६ ही पाणबुडी स्कॉटलंडजवळ त्याच्याच पायी गेली: पाणी आत शिरलं, बॅटऱ्यांपर्यंत पोहोचलं, क्लोरीन वायू झाला, वर यावं लागलं, आणि वर विमानं होतीच. वास्तवाच्या टक्केवारीत ही खूण नाही. असती तर मी ती केली असती, हे भाच्याला पक्कं ठाऊक आहे.

तर गेल्या शनिवारी सगळं जुळून आलं. एकटं मालवाहू जहाज, शांत समुद्र, पहाटेचा उजेड. वहीतून जात ओळखली, अंतर हजार मीटर, तीन मिनिटं पंधरा सेकंद मोजून वेग आठ नॉट, कोन डावीकडे सत्तर अंश. भाचाही खुर्ची ओढून बसला होता. टॉर्पेडोच्या नळीचं दार उघडलं.

"मामा, तो झेंडा कुणाचा?"

निळ्यावर पिवळा क्रॉस. स्वीडन. तटस्थ. बुडवलं असतं तर वरिष्ठांनी शाबासकीऐवजी गुण कापले असते. जहाज पेरिस्कोपसमोरून आठ नॉटनं निघून गेलं. आठ नॉटनंच, असं माझं म्हणणं आहे. भाच्याच्या मते सहा. यावरून आमचं अजून चालू आहे, आणि तो आता घरी जाऊन त्याचा स्वतःचा गेम उतरवून घेतोय, मला खोटं पाडायला.