पायी निघालेला माणूस

आमच्या कोथरूडात कोणी पायी निघालेला दिसला की लोकांना काळजी वाटते. ‘गाडी बंद पडली का?’ हा पहिला प्रश्न. दुसरा, ‘डॉक्टरांनी सांगितलंय का?’ कोथिंबीर आणायला निघालोय, हे उत्तर कोणालाच पटत नाही.

फाटकाबाहेर फुटपाथ आहे, पण तो कागदोपत्री. प्रत्यक्षात तिथे एक पांढरी एसयूव्ही उभी असते. तिच्यावर राखाडी कव्हर, कव्हरवर गुलमोहराचा पाला, पाल्यावर मांजर. मालक दर रविवारी कव्हर काढतात, बॅटरी उतरू नये म्हणून इंजिन चालू ठेवतात, आमच्या खिडकीत धूर सोडतात आणि कव्हर परत घालतात. गाडी जाते कुठेच नाही. तिच्यासाठी आम्ही मात्र रस्त्यावरून जातो, जीव मुठीत धरून.

एकेकाळी हे सायकलींचं शहर होतं म्हणे. आता गाड्यांना जागा करून देणं हेच शहराचं काम. गणेशखिंड रस्ता रुंद करताना सावली देणारी जुनी झाडं गेली. विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल २०२० साली पाडला आणि त्याच जागी दुमजली बांधायला घेतला. पुलाला मजले चढतात, फुटपाथला साधी फरशी धड बसत नाही.

खरी परीक्षा कर्वे रस्ता ओलांडताना. चालणाऱ्याचा सिग्नल हिरवा होतो, पण डावीकडे वळणाऱ्यांच्या मते तो शोभेचा असतो. परवा मी असाच एक पाय पुढे, एक पाय मागे करत उभा होतो. शेजारच्या आजींनी काठी उचलून आडवी धरली आणि म्हणाल्या, ‘‘माझ्या डाव्या अंगाला राहा. आणि गाडीवाल्याकडे बघायचं नाही. बघितलं की त्याला वाटतं आपण थांबणार.’’ त्या काठीला टेकून चालताना मी आजींना आजवर पाहिलेलं नाही.

बैलांना जसा पोळा, तसा आम्हा पायी चालणाऱ्यांना ११ डिसेंबर. त्या दिवशी महापालिका पादचारी दिन साजरा करते. लक्ष्मी रस्त्याचा एक टप्पा गाड्यांना बंद असतो, माणसं रस्त्याच्या मधोमध चालतात आणि सवयीने मागे वळून बघतात. दुसऱ्या दिवशी मानेवर पुन्हा जू.

यंदा मेव्हण्यांना आग्रहाचं निमंत्रण दिलं. ते खूश झाले.

‘‘सहकुटुंब येतो. फक्त गाडी कुठे लावायची, तेवढं बघून ठेवा.’’